बार्ट्रम बाप-लेकाच्या वाटेने : फिलाडेल्फिया ते फ्लोरिडा

शनिवार, फिलाडेल्फिया

फिलाडेल्फियाच्या नैऋत्य टोकाला, स्कूलकिल नदीच्या पश्चिम काठावर, जॉन बार्ट्रम या अठराव्या शतकातल्या वनस्पतिशास्त्रज्ञाची बाग आहे. तिकडे जाताना आजूबाजूला सरकारी घरांची वसाहत लागते, गोदामं लागतात. नदीच्या खालच्या अंगाला तेलशुद्धीकरण कारखाना होता, तो २०१९ च्या स्फोटानंतर बंद पडला. उत्तर अमेरिकेतली सगळ्यांत जुनी, अजून टिकून असलेली वनस्पतिबाग अशा वस्तीत असेल असं कुणाला वाटणार नाही. प्रवेश फुकट आहे. आत्याला ही गोष्ट सर्वांत आधी आवडली.

माझी आत्या मिरजेजवळ रोपवाटिका चालवते. आंबा, चिकू, पेरूची कलमं आणि गुलाब. न्यू जर्सीला माझ्याकडे आली तेव्हा सगळ्यांनी नायगाऱ्याचा आग्रह धरला होता. ती म्हणाली, "पाणी पडताना काय बघायचं? तुमच्या इथली एखादी जुनी नर्सरी असली तर दाखव." मग मी रजा टाकली आणि बार्ट्रम बाप-लेक, म्हणजे जॉन आणि त्याचा मुलगा विल्यम, १७६५ मध्ये ज्या मुलखातून फिरले, त्यातला जमेल तेवढा भाग गाडीने करायचा ठरवला. सप्टेंबर संपत आला होता. वादळांचा मोसम असल्यामुळे रोज सकाळी हवामान बघूनच निघायचं, एवढंच पथ्य.

जॉन बार्ट्रम १६९९ मध्ये इथून जवळच, डार्बी गावी जन्मला. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा शेतकरी. शाळा नावापुरती. १७२८ मध्ये त्याने लिलावात ही जमीन घेतली आणि दगड फोडून स्वतःच्या हाताने घर बांधलं. नदीकडच्या अंगाला त्याने जाडजूड दगडी खांब उभे केले आहेत. शिकलेल्या वास्तुकाराने बघितले तर नाक मुरडेल, पण मला ते फार आवडले. कुठल्या तरी पुस्तकातलं चित्र बघून गड्याने हौसेने घडवलेत हे कळतं. एका खिडकीवर १७७० साल आणि देव एकच आहे अशा अर्थाचा दोन ओळींचा मजकूर कोरलेला आहे. त्यामागे भांडण आहे. येशूचं देवत्व मानत नाही म्हणून डार्बीच्या क्वेकर मंडळीने १७५८ मध्ये त्याला पंथाबाहेर काढलं होतं. याने तेच मत बारा वर्षांनी दगडात कोरून आपल्या भिंतीवर लावलं.

खाली नदीकाठी, खडकातच कोरलेली एक गोल चर आहे. सफरचंदं त्यात टाकून वरून दगडी चाक फिरवायचं आणि रस काढायचा. आत्या वाकून त्या चरीत हात घालून आली. "पन्हाळ्याला गुऱ्हाळं असतात, त्यांची आठवण आली," म्हणाली.

शेतकऱ्याचा वनस्पतिशास्त्रज्ञ कसा झाला, याची एक गोड गोष्ट सांगतात: नांगरताना एक रानफूल दिसलं आणि तो थबकला वगैरे. मला त्या गोष्टीपेक्षा पेट्यांचा हिशोब जास्त पटतो. लंडनमध्ये पीटर कॉलिन्सन नावाचा कापडाचा व्यापारी होता, तोही क्वेकर आणि बागेचा वेडा. १७३० च्या दशकात दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. इंग्लंडमधल्या उमरावांना आपापल्या इस्टेटीत अमेरिकेची झाडं हवी होती. बार्ट्रमने रानातून बी गोळा करायचं, पेटीत भरायचं, जहाजावर चढवायचं. कॉलिन्सनने गिऱ्हाइकं आणायची आणि पैसे वसूल करायचे. एका पेटीत साधारण शंभर जातींचं बी असे आणि पेटीचा भाव पाच गिनी (तेव्हाचं इंग्रजी सोन्याचं नाणं). ड्यूक, लॉर्ड असली बडी मंडळी यादीत होती. अमेरिकेतली दीड-दोनशे झाडं-झुडपं अशी पेटीतून इंग्लंडच्या मातीत गेली. तीसेक वर्षं हा धंदा आणि मैत्री चालली, पण दोघांची भेट एकदाही झाली नाही.

"उंदीर?" आत्याने विचारलं.

"काय उंदीर?"

"जहाजावर उंदीर नव्हते? बी म्हटल्यावर उंदीर पहिला."

होते. उंदीर होते, खारं पाणी होतं, शत्रूची जहाजं होती. लढाईच्या काळात अख्खी जहाजंच पकडली जात आणि वर्षाची मेहनत बुडायची. रोपं पाठवायची तर त्याहून कटकट. ओल्या शेवाळात मुळं गुंडाळून पाठवली तरी कप्तानाला दया आली तरच त्यांना पाणी. आत्या मान डोलावत ऐकत होती. एसटीच्या टपावरून कलमं पाठवलेल्या बाईला यात नवीन काही नव्हतं.

ज्या झाडासाठी मुख्यतः आलो होतो ते घरापासून जवळच आहे. फ्रँकलिनिया. चहाच्या कुळातलं, फार उंच न होणारं. खोडावर फिकट उभ्या रेघा. आमचं नशीब चांगलं, शेवटची काही फुलं अजून होती. पाच पांढऱ्या पाकळ्या, मध्ये पिवळ्याधमक केसरांचा झुबका. एकीकडे फूल आणि दुसरीकडे पानं लाल व्हायला लागलेली, हे दोन्ही एकाच फांदीवर. बागेतले बाकीचे लोक फुलाचा फोटो काढत होते, आत्याचं लक्ष फळाकडे. गोल, टणक, मोठ्या बोराएवढं बोंड. पिकायला वर्षाहून जास्त घेतं, म्हणजे या वर्षीचं फूल आणि गेल्या वर्षीचं फळ शेजारी-शेजारी. एक वाळलेलं बोंड खाली पडलेलं होतं, ते तिने तळहातावर फिरवून पाहिलं. ते वरून पाच ठिकाणी चिरलं होतं आणि खालूनही, पण खालच्या चिरा वरच्या चिरांच्या मधोमध, त्यामुळे कडा नागमोडी झालेली. "असं उकलणारं फळ मी बघितलं नाही," ती म्हणाली. चाळीस वर्षं बिया हाताळलेल्या माणसाकडून हे ऐकताना मला बरं वाटलं. बोंड तिने परत झाडाखाली ठेवलं.

हे झाड रानात आता कुठेही नाही. शेवटचं १८०३ मध्ये दिसलं. जगात जिथे जिथे फ्रँकलिनिया आहे, ती सगळी या बागेत वाढलेल्या झाडांची वंशावळ.

रविवार, फिलाडेल्फिया ते रिचमंड

सकाळी जुन्या शहरात अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीची इमारत बाहेरून पाहिली. १७४३ मध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि बार्ट्रम यांच्या पुढाकाराने ती स्थापन झाली. त्याच वर्षी बार्ट्रम उत्तरेकडे ओनंडागाला, इरोक्वा या मूळ अमेरिकी लोकांच्या राजधानीला जाऊन आला. सोबत वाटाड्या आणि दुभाष्या कॉनरॅड वायझर आणि नकाशे काढणारा लुईस इव्हान्स. त्याची ती रोजनिशी १७५१ मध्ये लंडनला छापली गेली.

मग लांबचं ड्रायव्हिंग. आय-९५ वर बघण्यासारखं काही नाही, म्हणून मी आत्याला विल्यमची गोष्ट सांगायला घेतली. विल्यम म्हणजे जॉनच्या दुसऱ्या बायकोचा, अ‍ॅनचा मुलगा, जन्म १७३९. लहानपणापासून चित्रं काढणार, रानात फिरणार, बाकी कशात लक्ष नाही. सोळाव्या वर्षी बापाने कॉलिन्सनला पत्र लिहिलं. त्याचा मतितार्थ असा: याला मला साहेब करायचं नाही, पण कष्टाने पोटापुरतं मिळवील असा एखादा धंदा हवा, झाडं आणि चित्रं यांच्यावर त्याचं पोट भरेल असं वाटत नाही आणि अंगमेहनत त्याला झेपत नाही. फ्रँकलिनने छापखान्याचं काम शिकवायची तयारी दाखवली. ते जमलं नाही. मग एका व्यापाऱ्याकडे उमेदवारी. मग दक्षिणेत दुकान. दुकान बुडालं.

आत्याचा धाकटा मुलगा इंजिनिअर झाला आणि सध्या कॅमेरा घेऊन पक्ष्यांमागे हिंडतो. घरात त्याबद्दल बोलायचं नाही असा अलिखित नियम आहे. मी ही गोष्ट मुद्दाम काढली असं आत्याला वाटलं असावं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली आणि मग म्हणाली, "त्या बापाचं चुकलं काय?"

व्हर्जिनियात शिरताना मला कॉलिन्सनचंच दुसरं पत्र आठवलं. बार्ट्रम पहिल्यांदा व्हर्जिनियाला निघाला तेव्हा त्याने कळवलं होतं की तिथले लोक नटूनथटून राहणारे आहेत, माणसाच्या आतपेक्षा बाहेर जास्त बघतात, तेव्हा चांगले कपडे घालून जा. आत्याने हॉटेलात शिरण्याआधी साडीवरचा स्वेटर काढला आणि पदर सारखा केला.

सोमवार, कॅरोलायना बीच

नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहराच्या खाली, समुद्र आणि केप फियर नदी यांच्या मधल्या चिंचोळ्या जमिनीवर हे राज्य उद्यान आहे. वाळूची जमीन, उंच सुयांचे पाइन, खाली गवत आणि ओल. इथे व्हीनस फ्लायट्रॅप रानात उगवतो. जगात हे झाड मुळातून कुठे असेल तर विल्मिंग्टनच्या आसपासच्या शंभरेक मैलांच्या पट्ट्यात.

माहितीपटात दाखवतात तेवढं मोठं काही नसतं, हे आधीच सांगते. पहिली पंधरा मिनिटं आम्हाला दिसलंच नाही. मग आत्या लाकडी पुलाच्या कडेला उकिडवी बसली आणि तिने बोट दाखवलं: जमिनीला चिकटून, रुपयाएवढे पानांचे सापळे, आतून तांबूस, कडेला दातेरी केस. प्रत्येक पाळीच्या आत तीन-तीन बारीक टोकदार केस असतात. त्यातला एक हलला तर पान ढिम्म. वीसेक सेकंदांत पुन्हा धक्का लागला तरच मिटतं. पाऊस पडला, काडी पडली तर उगीच मिटून ताकद वाया जाऊ नये म्हणून ही सोय. एक मुंगी पाळीवर चढली, एका केसाला घासून कडेने बाहेर पडली. पान तसंच उघडं. आम्ही दोघी अर्धा तास उकिडव्या, पायाला मुंग्या. शेवटी एक छोटा कोळी आत गेला आणि काही कळायच्या आत पान मिटलेलं होतं. दात एकमेकांत अडकवल्यावर कोळ्याचा एक पाय बाहेर राहिला होता, तो थोडा वेळ हलत होता.

हात लावू नका अशी पाटी आहेच. परवानगीशिवाय फ्लायट्रॅप उपटणं हा नॉर्थ कॅरोलायनात २०१४ पासून गंभीर गुन्हा आहे, कारण पिशव्या भरून चोऱ्या होतात. कुंडीत विकायला. आत्या म्हणाली, आमच्याकडे सीतेची आसवं, कारवी असल्या गोष्टी बघायला कासला गाड्याच्या गाड्या जातात, तिथे हा कायदा पाहिजे.

कॉलिन्सनला हे झाड बघायची भयंकर ओढ होती. बार्ट्रमच्या पत्रांत त्याचं नाव 'टिपिटिविचेट' असं काहीतरी चेष्टेतलं येतं. १७६८ मध्ये कॉलिन्सन वारला. साधारण त्याच सुमारास जिवंत रोपं इंग्लंडला पोहोचवली ती विल्यम यंग या फिलाडेल्फियाच्याच तरुणाने. या यंगमुळे बार्ट्रमचा जीव आधीच जळालेला होता. १७६४ मध्ये तो राणीचा वनस्पतिशास्त्रज्ञ झाला, वर्षाला ३०० पौंड. बार्ट्रमने आयुष्य रानात घालवलेलं, त्याला काही नाही. मग कॉलिन्सनने दरबारात खटपट केली आणि १७६५ मध्ये बार्ट्रम राजाचा वनस्पतिशास्त्रज्ञ झाला. पगार ५० पौंड.

"म्हणजे सहावा हिस्सा," आत्या. "घेतला?"

घेतला. त्याच पैशांच्या जोरावर, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, म्हातारा दक्षिणेच्या दौऱ्यावर निघाला. वाटेत केप फियर नदीच्या वरच्या अंगाला, जिथे विल्यमचं दुकान चालत नव्हतं, तिथून त्याला सोबत घेतलं. सव्वीस वर्षांचा मुलगा दुकानाला कुलूप लावून बापाबरोबर निघाला. मला वाटतं त्या दिवशी त्याच्याइतका आनंदी माणूस कॅरोलायनात दुसरा नसेल.

मंगळवार, चार्ल्सटन

पावसाने दिवस खाल्ला. चार्ल्सटनच्या रस्त्यांवर भरतीचं पाणी येतं, त्यात वरून पाऊस. शहर देखणं आहे, पण ज्या पैशावर ते उभं राहिलं त्याची आठवण दर वळणावर होते. गुलामांचा बाजार जिथे भरायचा तिथे आता संग्रहालय आहे.

इथल्या मार्था लोगन या विधवा बाईचं नाव मात्र लिहायलाच हवं. बागेत रमलेली, वयस्कर. बार्ट्रम तिला १७६० मध्ये भेटला तो जेमतेम पाच मिनिटं. त्यानंतर एक रेशमी पिशवी चार्ल्सटन-फिलाडेल्फिया अशा फेऱ्या मारू लागली. तिच्याकडून भरून यायची, त्याच्याकडून भरून जायची. हौसेने बी पाठवणारी माणसं जातिवंत व्यापाऱ्यांपेक्षा चांगलं बी पाठवतात, हा आत्याचा अनुभव. निवडून, वाळवून, चिठ्ठी घालून.

बुधवार, ऑल्टमाहा

डॅरियन हे जॉर्जियाच्या किनाऱ्यावरचं कोळंबीच्या होड्यांचं छोटं गाव. मोटेलचे मालक पटेल, अर्थातच. आत्याने त्यांच्याशी हिंदीत दहा मिनिटं बोलून खोलीचं भाडं कमी करून घेतलं.

डॅरियनहून आत, ऑल्टमाहा नदीच्या कडेने, रस्ता पाइनच्या लागवडीतून जातो. बहुतेक जमीन लाकूड कंपन्यांची, सरळ रांगांत एकाच वयाची झाडं. नामशेष झालेल्या त्या झाडाची माहिती देणारा एक फलक कडेला आहे. पुढे वाळूचा रस्ता, आणि शेवटी नदीवर होड्या सोडायची उतरण. इथेच पूर्वी फोर्ट बॅरिंग्टन होता. आता तिथे दोन ट्रक, त्यांचे रिकामे ट्रेलर, डबे आणि डास.

१ ऑक्टोबर १७६५ रोजी बार्ट्रम बाप-लेक या भागात वाट चुकले. जायचं होतं किल्ल्याशी, पोहोचले चार मैल खाली. मुक्काम तिथेच पडला. जॉनने रोजनिशीत थोडक्यात टिपलं की आज बरीच नवलाची झुडपं सापडली, त्यातल्या एकाला सुरेख फळं होती. बस एवढंच. फुलांचा मोसम सरला होता, बी हाती आलं नाही, झाडाला नावही नव्हतं.

विल्यम पुढे १७७० च्या दशकात एकटा परत आला, तेव्हा त्याला फुलं दिसली आणि बीही मिळालं. दोन-तीन एकरांत झाडांची दाटी होती. पुढे मिसिसिपीपर्यंत फिरूनही त्याला ते झाड दुसरीकडे कुठे दिसलं नाही, असं त्याने लिहून ठेवलंय. १७७७ मध्ये बी फिलाडेल्फियाला पोहोचलं, १७८१ मध्ये बागेत पहिलं फूल आलं. बापाचा मित्र म्हणून फ्रँकलिनचं नाव आणि नदीचं नाव जोडून फ्रँकलिनिया अलाटामाहा. जॉनच्या नात्यातल्या हम्फ्री मार्शलने ते १७८५ मध्ये छापलं. अठरा वर्षांनंतर रानातलं झाड संपलेलं होतं.

का संपलं याची बरीच कारणं सांगतात. जंगलतोड, पूर, शेतीबरोबर आलेला मुळांचा रोग, रोपवाल्यांची हावरट खोदाई. काही जण म्हणतात, मुळात ते थंड काळातलं, उत्तरेकडचं झाड, हवा तापल्यावर इथल्या एका कोपऱ्यात अडकून राहिलेलं. मला हे शेवटचं पटतं, कारण आजही ते फिलाडेल्फियात जितकं सुखाने वाढतं तितकं जॉर्जियाच्या उकाड्यात वाढत नाही. आत्याचं मत मुळांच्या रोगावर. लागवडीत अशी झाडं तिने बघितली आहेत: सकाळी हिरवी, आठवड्यात वाळून कोळ, उपटली की मुळं काळी आणि कुजका वास. "आणि तो रोग एकदा मातीत बसला की त्या जागी परत लावायचं नाव नको."

आम्ही उतरणीवरून काठाकाठाने थोडं चालून आलो. टायटीची झुडपं, खुज्या पामची करवती पानं, पाण्यात उभे सायप्रस. एका झाडाखाली तांबडी, लांबट, आंबट फळं पडलेली. ओगीची लाइम. विल्यमने या झाडाबद्दल लिहिलंय. नदीचं पाणी चहाच्या रंगाचं, आवाज न करता वाहणारं. एक मासेमारी करणारा आजोबा आमच्याकडे बघत होता. काय शोधताय, म्हणाला. मी सांगितलं, एक झाड, दोनशे वर्षांपूर्वी इथे होतं. तो म्हणाला, मग तुम्ही जरा उशिरा आलात.

गुरुवार, पिकोलाटा

फ्लोरिडात सेंट जॉन्स नदीच्या पूर्वेकडच्या काठाने जो जुना रस्ता जातो त्याला विल्यम बार्ट्रमचं नाव दिलंय. दोन्हीकडून ओकच्या फांद्या रस्त्यावर झुकलेल्या, त्यांवरून स्पॅनिश मॉसच्या करड्या जटा लोंबतात. नदी इतकी रुंद की तलाव वाटते. ती दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते, आणि इतकी संथ की दिशा सांगूनच कळावी.

पिकोलाटा म्हणजे आज काठावरची काही घरं. १७६५ च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या किल्ल्यात गव्हर्नर जेम्स ग्रँट आणि क्रीक हे मूळ अमेरिकी लोक यांच्यात जमिनीचा करार झाला. बाप-लेक तिथे हजर होते. त्या मुक्कामातच विल्यमने एक रॅटलस्नेक मारला आणि तो ओढत छावणीत आणला. गव्हर्नरला ते कळलं, त्याने तो साप शिजवून टेबलावर मागवला. विल्यमने घास तोंडात घातला पण गिळवला नाही. ज्या सापाने वाट दिली होती, डसायचं सोडून बाजूला झाला होता, त्याला मारल्याचं त्याला मनापासून वाईट वाटलं आणि पुन्हा रॅटलस्नेक मारायचा नाही असं त्याने ठरवलं.

याच नदीकाठी विल्यमच्या आयुष्यातली सगळ्यांत वाईट पडझड झाली. दौरा संपला तेव्हा त्याने हट्ट धरला की मी इथेच राहतो, मळा काढतो. बापाला पटलं नाही, पण त्याने पैसे दिले, सामान दिलं, आणि सहा गुलाम माणसं विकत घेऊन दिली. हे वाक्य लिहिताना हात अडखळतो. क्वेकर पंथाचा, देवाच्या रचनेपुढे नम्र होणारा, एकेका फुलासाठी दहा मैल चालणारा माणूस, आणि बाजारात जाऊन सहा जणांचा भाव करतो. त्या सहा जणांचं पुढे काय झालं यात फार थोड्यांना रस वाटला. विल्यमवर मात्र पुस्तकंच्या पुस्तकं निघाली.

मळा काही महिन्यांतच बसला. १७६६ च्या उन्हाळ्यात चार्ल्सटनचा व्यापारी हेन्री लॉरेन्स इकडून गेला. त्याने जॉनला पत्र लिहून कळवलं की तुमचा मुलगा तापाने खंगलेला आहे, जागा दलदलीची आहे, झोपडी गळते, मैलोगणती शेजार नाही, हे काम त्याच्यासाठी नाही. कळवळ्याने लिहिणारा हा लॉरेन्स स्वतः गुलामांच्या व्यापारात गब्बर झालेला.

"पोरगा परत आला?" आत्या.

आला. पुढे कर्ज झालं, घरच्यांना न सांगता पुन्हा पळाला. मग लंडनच्या डॉ. जॉन फॉदरगिल यांना त्याची चित्रं आवडली. त्यांनी वर्षाला ५० पौंड देऊन त्याला रोपं, बी आणि चित्रं जमवायला लावलं. १७७३ च्या मार्चमध्ये तो निघाला. वय तेहतीस. चार वर्षं फिरत होता.

शुक्रवार, पेन्स प्रेअरी

कालचा मुक्काम पलाटकाला होता. सकाळी गेन्सव्हिलच्या दक्षिणेला पेन्स प्रेअरीला पोहोचलो. विल्यम १७७४ मध्ये आला तेव्हा ही अलाचुआ सव्हाना होती. मैलोन् मैल गवत, मध्ये पाणी, क्षितिजापर्यंत सपाट. एकोणिसाव्या शतकात इथलं पाणी जायचं भोक बुजलं, सगळ्याचा तलाव झाला आणि त्यावर वीसेक वर्षं आगबोटी चालत होत्या. १८९१ मध्ये भोक मोकळं झालं, पाणी जमिनीत गेलं आणि बोटी चिखलात बसल्या. आता हे राज्य उद्यान आहे. १९७५ मध्ये इथे पुन्हा बायसन, म्हणजे अमेरिकेतले गवे, आणून सोडले.

ला चुआ नावाची पायवाट त्या भोकावरूनच जाते. लाकडी पुलाखाली मगरी. मोजायचा नाद आम्ही दहाव्या मिनिटाला सोडला. बहुतेक ओंडक्यासारख्या पडून होत्या. एक मात्र पुलाच्या अगदी खाली, पाण्यात फक्त डोळे आणि नाकपुड्या, आणि पाठीवर एक छोटं कासव निवांत ऊन खात बसलेलं. विल्यमने सेंट जॉन्सवर, इथून पूर्वेला, मगरींशी झालेली झटापट लिहिली आहे. बंदूक पाण्यात पडेल म्हणून तंबूत ठेवली, हातात नुसतं दांडकं, आणि चारी बाजूंनी मगरी होडी उलटवायला बघतायत. नाकातून वाफ, गडगडाट, पाणी हादरतंय. लंडनच्या वाचकांना हे थापाडं वाटलं. पण नर मगर ओरडताना तिच्या पाठीवरचं पाणी खरोखर थुईथुई नाचतं, हे आता कुणीही मोबाईलवर बघू शकतं. संध्याकाळी तो पकडलेले मासे संत्र्याच्या रसाबरोबर खाऊन झोपला. त्या वेळी इथे स्पॅनिश लोकांनी आणलेली संत्री रानात माजलेली होती.

सव्हानाच्या काठी कुस्कोविला नावाचं, सेमिनोल या मूळ अमेरिकी लोकांचं गाव होतं, आजच्या मिकानोपीजवळ. तिथल्या प्रमुखाने, ज्याला इंग्रज काउकीपर म्हणत, विल्यमला फिरायची मोकळीक दिली आणि नाव दिलं पुक पुगी, फुलं शोधणारा. पुढे एकदा सेमिनोल लोकांच्या छावणीत रॅटलस्नेक शिरला. ते लोक त्याला मारत नाहीत, म्हणून पुक पुगीला हाक मारली. विल्यमने पिकोलाटाची प्रतिज्ञा मोडून साप मारला. थोड्या वेळाने तीन जवान त्याच्याकडे आले: तू फार गरम डोक्याचा आहेस, तुझ्या अंगावर ओरखडे काढून थोडं रक्त काढायला हवं. झटापट झाली, त्यातलाच एक मध्ये पडला आणि सगळे हसत निघून गेले.

पलीकडच्या गवतात दोन सॅंडहिल क्रौंच चरत होते, डोक्यावर लाल टिळा. आत्याने पर्समधून मोबाईल काढला आणि बराच वेळ झूम करून व्हिडिओ घेतला. कुणाला पाठवला ते मी विचारलं नाही. विल्यमने इथे एका क्रौंचाचं सूप प्यायलं होतं. चव उत्तम, असं लिहून पुढे म्हणतो, दुसरं काही खायला मिळत असेल तर मी यांना आकाशात ओरडतानाच ऐकणं पसंत करीन.

दुपारी मिकानोपीत, ओकच्या सावलीतल्या बाकावर आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. उरलेली गोष्ट मी तिथे पुरी केली. विल्यम १७७७ च्या जानेवारीत घरी पोहोचला. सप्टेंबरमध्ये जॉन गेला. स्वातंत्र्ययुद्धातली ब्रँडीवाइनची लढाई जिंकून इंग्रज फौज शहराकडे येत होती आणि बाग तुडवली जाईल या काळजीने म्हाताऱ्याने प्राण सोडले, असं सांगतात. बाग तुडवली गेली नाही. ती विल्यमच्या धाकट्या भावाच्या, जॉनच्या नावावर झाली. विल्यम तिथेच राहिला. लग्न केलं नाही, लांब कुठे गेला नाही. १७८२ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने वनस्पतिशास्त्राची प्राध्यापकी देऊ केली, ती घेतली नाही. १७८६ मध्ये बी काढताना सायप्रसवरून पडून पाय मोडला. त्याचं प्रवासाचं पुस्तक १७९१ मध्ये निघालं. कोलरिज, वर्ड्स्वर्थ या इंग्रज कवींनी ते अधाशासारखं वाचलं. अलेक्झांडर विल्सन या शाळामास्तराला त्याने पक्षी ओळखायला, रेखाटायला शिकवलं आणि तो विल्सन अमेरिकेच्या पक्ष्यांचा पहिला मोठा अभ्यासक झाला. १८२३ मध्ये, बागेतच, विल्यम गेला.

आत्याने दशमी संपवली, हात पुसले.

"पुस्तक आलं तेव्हा हा किती वर्षांचा?"

"बावन्न."

"आणि तोवर जेवायला कोण घालत होतं? भाऊ. बाग भावाने सांभाळली, बी भावाने विकलं, यादी भावाने छापली. त्या भावाच्या नावाचा रस्ता कुठाय?"

मला ठाऊक असलेल्या नकाशात तरी असा रस्ता नाही, असं मी सांगितलं. आत्या म्हणाली, चल, जाताना त्या नर्सरीत थांबू, येताना डाव्या हाताला दिसली होती. इथे कलमाच्या पट्टीला काय वापरतात ते मला बघायचंय.